किलोमास्तर

उन्हाळा लागला की पांढुर्ण्यातल्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराला दोन गोष्टींची धास्ती असते. एक भाव पडण्याची आणि दुसरी गिऱ्हाइकासोबत किलोमास्तर येण्याची. पडलेला भाव कधीतरी चढतो. मास्तर एकदा दुकानाची पायरी चढले की उतरायचं नाव घेत नाहीत.

हे नाव गावानं ठेवलेलं. खरं नाव राशन कार्डावर असेल, ते कोणी विचारत नाही. सौंसर तहसिलीतल्या सरकारी शाळांमध्ये गणित शिकवून मास्तर निवृत्त झाले आणि पांढुर्ण्याला येऊन राहिले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, वरच्या खिशात दोन पेनं आणि त्या दोघांच्या मधून डोकं काढून बसलेला स्टीलचा व्हर्नियर, नागपूरच्या लोहाओळीतून आणलेला. स्वतःचं शेत नाही, संत्र्याचं एक झाड नाही, बोअर नाही. म्हणजे पाइप विकत घ्यायचं एकही कारण या माणसाकडे नाही. तरी पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींत जमिनीखाली गेलेल्या पाइपांपैकी बरेचसे आधी त्यांच्या चिमट्यातून गेलेले आहेत.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. सबंध पुस्तकातलं एकच प्रकरण ज्याला पुरतं समजलं आणि मग त्या एका प्रकरणावर ज्यानं सगळं जग मोजायला काढलं, तो. कोणाचं ते प्रकरण खसरा-खतौनी असतं, कोणाचं त्रिफळाचूर्ण, कोणाचं रेल्वेचं टाइमटेबल. आमच्या मास्तरांचं प्रकरण दहावीच्या भूमितीतलं आहे: पोकळ दंडगोलाचं घनफळ आणि त्यावरून वजन.

दुकानात ते बसत नाहीत. खुर्ची पुढं केली तर खुर्चीचा पाय पोकळ आहे का ते वाकून पाहतात.

"सेठ, दोन इंची दाखवा."

"हा पाहा ना मास्तर. बी क्लास. निळा पट्टा हाये."

"पट्टा पेंटर मारते, सेठ. जाडी कोण मारते?"

पाइपावर रंगाचा पट्टा असतो हे खरं आहे. हलका तो ए क्लास, पट्टा पिवळा. मधला बी, निळा. जड तो सी, लाल. आयएस 1239 या मानकात हे सगळं लिहिलेलं आहे, आणि दोन इंची बी क्लासच्या भिंतीची जाडी 3.6 मिलिमीटर असावी असंही. पण रंगाचा डबा शंभर रुपयांनाही मिळतो आणि निळ्या पट्ट्याला आतलं लोखंड दिसत नाही. मास्तर पाइपाच्या तोंडाशी उकिडवे बसतात. आटे पाडलेल्या टोकाला मोजत नाहीत, कारण आट्यांनी तिथली जाडी खाल्लेली असते. कापलेलं टोक शोधतात, तीन ठिकाणी जबडे लावतात, तिन्ही आकडे तळहातावर पेनानं लिहितात. पाइप गोल असतो आणि त्याची भिंत सगळीकडे सारखी असते, हा समज फक्त गिऱ्हाइकाचा.

नवीन गिऱ्हाईक असलं तर पहिला धडा ठरलेला. "हा दोन इंची पाइप आहे ना? याच्यात दोन इंच कुठं आहेत ते मले दाखव."

गिऱ्हाईक हसतं आणि टेप लावतं. दोन इंच म्हणजे 50.8 मिलिमीटर. बाहेरून पाइप 60.3 भरतो. आतून भरतो 53 च्या जरा वर. बाहेर नाही, आत नाही, आणि तिसरी जागा पाइपाला नसते. गिऱ्हाईक सेठकडे पाहतं, सेठ पंख्याकडे. मास्तर प्रसन्न.

मग कारण सांगतात, आणि ते कारण खरोखर ऐकण्यासारखं आहे. जुन्या काळी लोखंड निकृष्ट, म्हणून भिंत जाड ठेवावी लागे. त्या जाड भिंतीच्या आतलं भोक साधारण नावाइतकं असे. पुढं लोखंड सुधारलं, पातळ भिंतीत काम भागू लागलं. पण पाइपाचं बाहेरचं माप हलवायची सोय नव्हती. आटे बाहेर पडतात, आणि सॉकेट, एल्बो, टी, युनियन, सगळा गोतावळा त्या आट्यांवर बसतो. तेव्हा भिंत आतून पातळ झाली, भोक रुंदावलं आणि नाव होतं तेच राहिलं. "नाव जुनं, आतली पोकळी नवी," मास्तर म्हणतात आणि रस्त्यापलीकडच्या एका इमारतीकडे पाहतात. कोणत्या, ते मी लिहीत नाही.

त्यांची वजनाची रीत एवढी साधी आहे की ती शाळेत का शिकवत नाहीत याचा मला राग येतो. पाइप मनातल्या मनात उभा चिरायचा आणि उलगडून पत्रा करायचा. या पत्र्याची रुंदी किती? बाहेरचा घेर धरला तर जास्त होते, आतला धरला तर कमी. दोन्हींच्या मधला धरायचा. त्यासाठी बाहेरच्या व्यासातून जाडी एकदाच वजा करा: 60.3 उणे 3.6, राहिले 56.7. गुणिले 3.1416, झाली 178 मिलिमीटर रुंदी. तिला 3.6 च्या जाडीनं गुणलं की 641 चौरस मिलिमीटर. एवढ्या छेदाच्या एक मीटर लांबीत 641 घन सेंटिमीटर लोखंड बसतं. लोखंडाचा घन सेंटिमीटर 7.85 ग्रॅमचा. म्हणजे मीटरला पाच किलो आणि वर तीसेक ग्रॅम, आणि सहा मीटरच्या एका नगाला 30 किलो 200. एवढं करायला वेळ नसेल तर सगळे गुणाकार एकत्र बांधून ठेवलेला आकडा आहे 0.02466. व्यासातून जाडी वजा, गुणिले जाडी, गुणिले हा आकडा, की मीटरचे किलो हातात. मास्तरीणबाईंचा मोबाइल नंबर मास्तरांना पाठ नाही. 0.02466 झोपेतून उठवून विचारा.

शाळेत मात्र पोरांना बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग उणे आतल्या त्रिज्येचा वर्ग असं सूत्र पाठ करावं लागे, आणि दरवर्षी निम्मा वर्ग आधी त्रिज्या वजा करून मग त्या फरकाचा वर्ग करी. कागदावर दिसायला दोन्ही सारखंच. पण त्या चुकीनं दोन इंची नग 30 किलोचा न राहता दोन किलोच्याही आत येतो. मास्तर अशा उत्तराला शून्य देत नसत. समासात लाल शाईनं लिहीत: "हा पाइप ओठाला लावून वाजवून दाखव."

शाळा हिंदी माध्यमाची. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून इथलं पोरगं घरी मराठीत रुसतं आणि शाळेत हिंदीत गणित करतं. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पण रुसणं आणि गणित जिथल्या तिथं आहे. मास्तर शिकवायचे हिंदीत, रागवायचे मराठीत. त्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यांना सूत्र एका भाषेत आठवतं आणि छडी दुसऱ्या.

पायच्या किमतीबद्दल ते हळवे आहेत. एका कंत्राटदारानं बिलात 22 भागिले 7 धरलं म्हणून मास्तरांनी त्याला दुकानाच्या पायरीवर अडवलं. 22/7 धरल्यानं टनामागं 400 ग्रॅम लोखंड जास्त दिसतं, हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. वर त्यांनी भास्कराचार्यांना साक्षीला आणलं. बाराव्या शतकातल्या लीलावतीत दोन्ही आकडे आहेत: सूक्ष्म गणितासाठी 3927 भागिले 1250, आणि स्थूल कामासाठी 22 भागिले 7. "तू स्थूल आहेस," मास्तर म्हणाले. कंत्राटदार अंगानंही तसाच होता, त्यामुळे प्रकरण जरा चिघळलं.

"मास्तर, माझ्या ट्रॉलीले चिखलच चारशे ग्रॅमच्या वर लागला राहते," कंत्राटदार म्हणाला.

मास्तर गप्प झाले. लोकांना वाटलं, हरले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "चिखल ओला धरला की वाळलेला?"

त्यांच्या तोडीचा माणूस गावात एकच, तो म्हणजे कबाडी. कबाडी सूत्र वापरत नाही. पाइप एका टोकाला उचलतो, जरा झुलवतो, डोळे मिटतो आणि आकडा बोलतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम नाही. एकदा जुन्या बागेतून निघालेला एक दोन इंची नग कबाड्याच्या अंगणात पडला होता. मास्तर म्हणाले 30 किलो 200. कबाड्यानं उचलून पाहिला आणि म्हणाला 27. काट्यावर टाकला, 27 भरला. अंगणातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. मास्तर तिथंच मातीत बसले आणि गणित उलटं फिरवलं. 27 भागिले सहा, मीटरला साडेचार किलो. बाहेरचा व्यास अजून 60.3 च आहे. मग साडेचार किलो यायला जाडी किती पाहिजे? 3.2. "याले आतून गंज लागला. चाळीस टक्के मिलिमीटर खाल्लं," असं म्हणून त्यांनी कबाड्याकडून करवत मागितली. वीतभर टोक कापायला लावलं आणि ताज्या कापावर व्हर्नियर लावला. 3.2. पोरांनी पुन्हा टाळ्या पिटल्या, पोरांना काय. कबाडी एवढंच म्हणाला, "कापल्याचे पैसे लागतीन."

मला विचाराल तर मास्तरांची खरी विद्या या उलट्या गणितात आहे. पाइपाची लांबी डोळ्यांना दिसते, घेर दिसतो. जाडी दिसत नाही, आणि व्यवहारातली सगळी लबाडी जिथं दिसत नाही तिथं जाऊन बसते. 3.6 च्या जागी 3.2 चा पाइप घरात आला तर कोणाला कळतं? नगामागं तीन किलो गेले. सतरा नगांचा बोअर असेल तर 50 किलोच्या वर. नवीन पाइपात गंजाचं काम कारखाना करून देतो, एवढाच फरक. मानकात थोडी सूट असतेच, असं सेठ म्हणतात आणि तेही खोटं नाही. पण सूट दोन्ही बाजूंची असते, कधी जास्त कधी कमी. सेठच्या गोदामात ती नेहमी एकाच बाजूला का कलते, हे मास्तर विचारतात, आणि सेठ चहा मागवतात.

बोअरचं नाव निघालंच आहे तर ती हकिगत सांगून टाकतो. सौंसर रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बागेतली. मे महिना, आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झालेली, आणि अशा वेळी मोटर जळाली. दोन दिवस पाणी चुकलं तर फळगळ सुरू होते, म्हणून घरधन्यानं घाईघाईत तिपाई उभी केली, अर्ध्या टनाची चैन कुप्पी टांगली आणि चार पोरं लावली. मास्तरांना कोणी बोलावलं नव्हतं. ते खासगी बसनं सौंसरला चालले होते, खिडकीतून तिपाई दिसली, उतरले.

"किती नग हायेत?"

"सतरा."

मास्तर झाडाखाली बसले. सतरा नग, 102 मीटर, लोखंड 513 किलो. "आता पाणी."

"पाणी कायचं मास्तर? मोटर तीन दिवसांपासून बंद हाये."

"मोटर बंद हाये, झडप तर बंद नाही ना झाली." हे मात्र त्या चौघांना सुचलं नव्हतं. पाण्यातल्या मोटरीच्या वर एकाच बाजूनं उघडणारी झडप असते. मोटर थांबली तरी वर चढलेलं पाणी ती खाली जाऊ देत नाही, सगळा पाइप तसाच भरून उभा राहतो. 53.1 मिलिमीटरच्या भोकात मीटरला 2.2 लिटर पाणी मावतं. 102 मीटरला सव्वादोनशे लिटर, म्हणजे सव्वादोनशे किलो. तळाचा जो थोडा भाग पाण्यात बुडालेला, तो तेवढ्यापुरता हलका होतो, म्हणून तीस-पस्तीस किलो मास्तरांनी मोठ्या मनानं सोडून दिले. मोटर आणि सॉकेट धरून एकूण साडेसातशेच्या पुढं. "अर्ध्या टनाच्या कुप्पीवर पाऊण टन ओढता का रे? कोणाच्या डोक्यावर पाडता?"

यावर वाद झाला. मग लोधीखेड्याहून टनाची कुप्पी येईपर्यंत सगळे सावलीत बसले. मास्तरांनी तेवढ्यात एका संत्रा व्यापाऱ्याचा लटकता काटाही मागवून घेतला, कुप्पी आणि पाइप यांच्या मध्ये टांगायला. काट्याची काही गरज नव्हती. पण साडेसातशेचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता.

चार वाजता चैन ओढली. पाइप वीतभर वर आला. काटा म्हणाला 217.

पोरं मास्तरांकडे पाहू लागली. एकानं हळूच "साडेसातशे" म्हणून दाखवलं आणि हशा झाला. मास्तरांनी मान वर केली नाही. 217 मधून सॉकेट आणि क्लॅम्पचे पाच-सहा किलो काढले, राहिले 211. भागिले 30.2. मग उठले, धोतर झटकल्यासारखा पायजमा झटकला आणि बोलले, "सातच नग हायेत वर. सातव्याच्या खालचा आटा गेला. दहा नग अन् मोटर खाली पडली. पाणी तर तेव्हाच निघून गेलं."

कोणाचा विश्वास बसेना. एक नग निघाला, दुसरा निघाला, पाना लावत लावत सातवा निघाला. त्याच्या खाली काही नव्हतं. शेवटच्या टोकाचे आटे गंजून पार गुळगुळीत झाले होते.

घरधनी डोक्याला हात लावून मातीत बसला. मोटर गेली, दहा नग गेले, बोअर बंद. आणि मास्तर त्याच्याशेजारी उकिडवे बसून, चेहऱ्यावर दिवाळी फुललेली, त्याला समजावत होते की भाग पूर्ण गेला, बाकी शून्य उरली. घरधन्यानं त्यांना मारलं नाही हे त्याच्या आईवडिलांचे संस्कार. दुसऱ्या दिवशी आकडा टाकून खालचा माल निघाला. ते वजन पाहायला मास्तर पुन्हा गेले होते म्हणतात. त्यांना फाटकातूनच परत पाठवलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून झेंडा बांधतात आणि पांढुर्णा-सावरगावची गोटमार होते. सगळं गाव एकतर दगडांत असतं नाहीतर माडीवर. एका वर्षी माडीवर कोणी मास्तरांना विचारलं की त्या पळसाचं वजन किती असेल. मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही. "भरीव आहे. भरीव कोणीही करते."

सिमेंटच्या ह्यूम पाइपांचा मात्र त्यांना आदर आहे. ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टर ह्यूम यांनी 1910 मध्ये ही रीत काढली: साचा आडवा धरून गरगर फिरवायचा, काँक्रीट आपोआप बाहेरच्या बाजूला जाऊन बसतं आणि मधोमध पोकळी राहते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1926 मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली, आणि आज आपल्याकडे खेड्यातल्या नाल्यावरही ह्यूम पाइप हाच शब्द चालतो. पोकळी करण्यासाठी एवढी यातायात करणाऱ्या माणसाबद्दल मास्तर हात जोडून बोलतात. पण आदर वेगळा आणि हिशेब वेगळा. रामाकोन्याच्या रस्त्यावर त्यांनी सहा ह्यूम पाइप भरलेली ट्रॉली थांबवली होती. आतला व्यास 600, भिंत 85, लांबी अडीच मीटर: एक पाइप अकराशे किलोच्या आसपास, सहा मिळून साडेसहा टनांच्या वर. "ट्रॅक्टरले झेपते का हे?" ड्रायव्हर खाली उतरला, पाइपांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "माझा ट्रॅक्टर शाळेत नाही गेला, गुरुजी," म्हणाला आणि निघून गेला.

हे सगळं लोक सोसतात, कारण पाइप घेताना त्यांची गरज पडते. साक्षगंधाची गोष्ट वेगळी.

सौंसरला नात्यातल्या एका मुलीचं साक्षगंध होतं. मुलाकडच्यांनी मुलीला गोठ घातले. प्रत्येकी दोन तोळे, बावीस कॅरेट, असं व्याह्यांनी चार लोकांत सांगितलं. बायका गोठ हातात घेऊन पाहत होत्या, त्या रांगेतून एक गोठ मास्तरांच्या हाती आला. गोठ म्हणजे काय? वाकवून टोकाला टोक भिडवलेला पाइपच. मास्तरांचा हात खिशाकडे गेला. मास्तरीणबाईंनी समोरच्या बायकांच्या घोळक्यातून डोळे वटारले, पण व्हर्नियर बाहेर आला होता.

आतला व्यास 60, नळीची जाडी सहा मिलिमीटर. सरळ केला तर 207 मिलिमीटर लांब. बावीस कॅरेटचं सोनं घन सेंटिमीटरला पावणेअठरा ग्रॅमच्या आसपास. "भरीव असता तर दहा तोळ्यांच्या वर गेला असता," मास्तर मोठ्यानं म्हणाले. "हा दोन तोळ्याचा आहे. म्हणजे भिंत आहे फक्त 0.3."

मांडवात शांतता झाली. व्याही म्हणाले, "काय म्हणता?"

"पोकळ आहे," मास्तर कौतुकानं म्हणाले. "एक नंबर पोकळ आहे."

त्यांना खरोखर कौतुकच करायचं होतं. नखाएवढ्या जाडीच्या भिंतीत सोनारानं एवढा गोलावा साधला, ही त्यांच्या लेखी मोठी कारागिरी. शिवाय व्याह्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं. गोठ बहुधा पोकळच करतात, चेपू नये म्हणून आत लाख भरतात, आणि सोनं दोन तोळे सांगितलं ते दोनच होतं. पण भरल्या साक्षगंधात "पोकळ" हा शब्द एकदा बोलला गेला की त्याचं घनफळ कोणाच्या सूत्रात बसत नाही. मुलीच्या मामांनी आवाज चढवला, मुलाच्या काकांनी बाह्या सारल्या, जेवणाची पंगत अर्धा तास खोळंबली. शेवटी सोनाराला बोलावून गोठ काट्यावर घातले, लाख वजा धरली, तेव्हा वजन बरोबर भरलं आणि सगळे जेवायला बसले. त्या गर्दीत आकडा जुळला म्हणून आनंद झालेला माणूस एकच होता.

लग्न झालं, जोडपं सुखात आहे. मास्तरांना लग्नाची पत्रिका आली तेव्हा तिच्यावर पेनानं लिहिलं होतं: "सहकुटुंब यावे. खिसा रिकामा आणावा."

मास्तरीणबाईंच्या स्वतःच्या हातातल्या पाटल्या भरीव आहेत. लग्नाआधी मास्तरांनी त्या तपासून घेतल्या होत्या, अशी गावात वदंता. मी बाईंना विचारलं. "तपासल्या गिपासल्या नाही," त्या म्हणाल्या. "पाहायले आले होते तवा नुसते हाताकडे पाहत बसले. मले वाटलं माझ्याकडे पाहून राहिले."

अलीकडे मास्तर जरा उदास असतात. बागांमध्ये आता प्लॅस्टिकचे पाइप उतरतात, बोअरमध्येही. पीव्हीसीचा घन सेंटिमीटर दीड ग्रॅमचाही नाही. एक पोरगं दोन नग खांद्यावर टाकून शीळ वाजवत जातं, आणि मास्तर त्याच्याकडे त्या जुन्या उत्तरपत्रिकेकडे पाहावं तसे पाहतात. तरी भिंत प्लॅस्टिकचीही पातळ करता येते, हे त्यांच्या ध्यानात आलं आहे, आणि मागच्या उन्हाळ्यापासून ते ड्रिपच्या 16 मिलिमीटरच्या नळ्या मोजू लागले आहेत. सेठनं त्या नळ्यांची बंडलं माळ्यावर ठेवली. मास्तरांनी शिडी मागितली. शिडी पाइपाची होती.

तेव्हा पांढुर्ण्याला पाइप घ्यायला आलात तर मास्तरांना आदल्या दिवशी निरोप धाडा. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. ते नाही भेटले तर त्यांचा नियम लक्षात ठेवा: नगावर घ्याल तर जाडी मोजा, कारण तिथं विकणाऱ्याचा फायदा पातळ भिंतीत असतो. किलोवर घ्याल तर लांबी मोजा, कारण तिथं जाड पाइप गळ्यात मारतात आणि तेवढ्याच पैशांत कमी फूट देतात. सोनं घ्यायचं असेल तर मात्र एकटेच जा.